कुदळेसाहेबांचा तिसरा पंप

निरंजनराव कुदळे नोकरीत एकदाच खोटं बोलले, आणि तेही साहेबांनी आपुलकीनं विचारलं म्हणून.

महाळुंग्याच्या ज्या कंपनीत त्यांनी चोवीस वर्षं काढली तिथं गाड्यांचे फ्युएल पंप बनतात. टाकीतलं डिझेल ओढायचं आणि इंजिनाकडे ढकलायचं, एवढंच त्या पंपाचं काम. निरंजनरावांचं काम त्याहून सोपं. ते फायनल इन्स्पेक्शनला. तयार पंप मशीनवर चढवायचा आणि प्रेशरचा काटा बघायचा. काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला तर पंपावर हिरवा शिक्का, रेघ ओलांडली तर लाल. मग पुढचा पंप घ्यायचा. या कामात त्यांची एकदाही चूक निघाली नव्हती आणि ही गोष्ट ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. शेजारचा पाहुणा जिलबी मागत असायचा आणि हे त्याला काटा समजावून सांगायचे.

तर अशा माणसाला एका सोमवारी रविराज सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रविराज सर म्हणजे प्लँटचे हेड. वय चौतीस, बोलणं अतिशय मऊ. "कुदळे, बसा ना," ते म्हणाले. चोवीस वर्षांत निरंजनरावांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते तिथंच घाबरले. मग कळलं ते असं, की इन्स्पेक्शनला आता कॅमेरा येणार. कॅमेराच काटा बघणार आणि शिक्काही तोच मारणार, मध्ये चहाला न जाता. इन्स्पेक्शनच्या नऊ जणांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना होती. त्यातला 'स्वेच्छा' हा शब्द सरांनी फारच हळू उच्चारला.

"एक जागा आहे मात्र," सर म्हणाले. "ॲप्लिकेशनला. कुठल्या गाडीला कुठला पंप लागेल ते ठरवायचं काम. सिनिऑरिटीनं तुमचाच नंबर पहिला लागतो. पण मला एक सांगा, गाडीसाठी पंप निवडलाय कधी तुम्ही?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं. एवढे पंप पास केले, पण त्यातला एकही गाडीत बसवताना निरंजनरावांनी पाहिला नव्हता. पण 'नाही' म्हटलं की नोकरी गेली हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि तोंडातून निघून गेलं, "सध्या तेच चाललंय सर. माझ्या जुन्या फोर बाय फोर जीपला इंजिन बदलतोय. पंप मीच निवडतोय."

सरांना मनापासून आनंद झाला. "वा! मग कंपनीच्या वर्धापनदिनाला तीच गाडी घेऊन या. सगळ्यांना दाखवू. त्याच दिवशी नावही फायनल करून टाकू."

वर्धापनदिनाला सव्वीस दिवस होते.

ही फोर बाय फोर चऱ्होलीच्या सोसायटीत, पार्किंगच्या सात नंबरच्या खांबाशी, चार वर्षं बंद उभी होती. डोंगर चढायचे म्हणून घेतलेली ती गाडी. तिनं चढलेला सगळ्यात मोठा उंचवटा म्हणजे सोसायटीच्या गेटसमोरचा गतिरोधक. मुलांनी तिच्या मागच्या दारावर खडूनं स्टंप काढले होते. सोसायटीचे चेअरमन दत्तोबा गव्हाणे दर तिमाहीला तिच्या काचेखाली 'वाहन हलवावे' अशी नोटीस खोचत आणि जुनी नोटीस परत नेत, कारण कागद सोसायटीचा असे.

निरंजनराव इंजिन बदलणार ही बातमी बहात्तर फ्लॅटांत पसरायला अर्धा तास लागला. इथून पुढचं समजायला या सोसायटीचा एक विशेष सांगितला पाहिजे. इथला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत गाडीचा एकच भाग बनवतो. ए विंगेत क्लच आहे, बी विंगेत वायरिंग, सी विंगेत काचा आणि रबर. सगळे एकत्र आले तर पार्किंगमध्ये एक अख्खी गाडी उभी राहील, पण गणपतीच्या वर्गणीलासुद्धा ते कधी एकत्र आलेले नाहीत. शिवाय गाडी बिघडते ती फक्त आपल्याच भागामुळे, यावर प्रत्येकाची श्रद्धा. वायरिंगवाल्यानं सांगितलं, अर्थिंग बघा. रबरवाल्यानं होजपाइपांना हात लावून मान हलवली. दत्तोबा स्वतः ब्रेकच्या कंपनीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "कुदळे, इंजिन कुठलंही टाका हो. गाडी थांबली पाहिजे." चार वर्षं थांबलेल्या गाडीबद्दल हे ऐकून घेताना निरंजनरावांना फार वाईट वाटलं.

"आणि पंपाचं काय?" त्यांनी विचारलं.

"पंपाचं तुम्हालाच विचारायचं ना आम्ही!" सगळे एकदम म्हणाले.

तिथून खरी पंचाईत सुरू झाली. कासारवाडीच्या गणराजचंही म्हणणं तेच. गणराज म्हणजे हातानं सोनं करणारा मेकॅनिक, पण तोंड फटकळ. त्यानं एका चेपलेल्या एसयूव्हीचं चांगलं डिझेल इंजिन शोधून काढलं, जीप टो करून गॅरेजात नेली आणि म्हणाला, "साहेब, जुन्या इंजिनाला त्याच्या अंगावरच साधा पंप होता. या नव्याला टाकीकडून दाबून डिझेल पाठवणारा विजेचा पंप लागतो. आता तुमच्यासारखा पंपातला माणूस असताना मी कशाला डोकं चालवू? तुम्ही सांगा, मी बसवतो."

निरंजनराव 'बघतो' म्हणाले आणि घरी येऊन आडवे पडले.

मधल्या काळात परिवहन कार्यालयाची एक पूजा होतीच. इंजिन बदलायला आधी परवानगी लागते. ती मागायला गेल्यावर खिडकीतला कारकून म्हणाला, "नवीन इंजिन गाडीत दिसल्याशिवाय आम्ही परवानगी कशाची द्यायची?" निरंजनराव म्हणाले, "मग बसवून आणतो." तर तो म्हणाला, "परवानगीशिवाय बसवलंत तर गाडी जप्त होईल." निरंजनरावांनी तीन फेऱ्यांत हा प्रश्न तीन बाजूंनी मांडून पाहिला. चौथ्या फेरीला तो कारकून बदलून गेला होता आणि नव्याला टेबल मोकळं करायचं होतं, म्हणून काम झालं.

पंप मात्र कुठल्याच खिडकीत मिळेना. पहिला विचार अर्थातच आपल्या कंपनीचा. कंपनी रोज गाड्या भरभरून पंप पाठवते, पण एक पंप विकत नाही. स्टोअरवाला म्हणाला, कमीत कमी दोनशे घ्या. डिस्पॅचवाला म्हणाला, एका नगाला चलनच निघत नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं तर, पंप हातात नसतानाच, निरंजनरावांची डब्याची पिशवी उलटी करून पाहिली. चोवीस वर्षांचा हिरवा शिक्का, आणि पिशवीतून निघालेल्या मेथीच्या भाजीकडे तो संशयानं बघत होता.

शेवटी निरंजनराव पिंपरीच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं साधा प्रश्न विचारला, "प्रेशर किती पाहिजे?" आता चोवीस वर्षं निरंजनरावांनी 'या पंपाचं किती आलं' एवढंच बघितलेलं. कुठल्या इंजिनाला किती पाहिजे, हे त्यांच्या मशीनवर लिहिलेलं नव्हतं. 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"जास्तीत जास्त," निरंजनराव ताठ मानेनं म्हणाले.

हा झाला पहिला पंप. गणराजनं तो हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "साहेब, ट्रक ओढायचाय का?" पण पंपातल्या माणसापुढे तो जास्त बोलला नाही. जीप चालू करून सोसायटीत आणून दिली आणि जाताना एवढंच म्हणाला, की जुने पाइप बदलल्याशिवाय जोरात रेस करू नका. ते निरंजनराव विसरले. रविवारी सकाळी दहा वाजता, ए, बी आणि सी अशा तिन्ही विंगांच्या उपस्थितीत, त्यांनी जोरात रेस केली. पाइप फाटला आणि डिझेलचं कारंजं उडालं ते थेट दत्तोबांच्या नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या गाडीवर. तिथून ते तुळशीच्या कुंडीवर आणि वाळत घातलेल्या कुरडयांवर गेलं. रबरवाला "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत आनंदानं पुढं आला. दत्तोबांनी गाडी पुसलीच नाही. आधी वर जाऊन नोटीस टाइप केली आणि मग पुसायला घेतली. निरंजनरावांच्या बायकोनं, विजयश्रीबाईंनी, पुढचे दोन दिवस शेजारणींसाठी नव्यानं गव्हाचा चीक शिजवून कुरडया घातल्या. 

जास्तीचा पंप फसल्यावर माणूस कमीकडे वळतो. त्यात गेनबा भेटले. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी गेनबांची. ते रोज संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून आपल्या गेलेल्या वावराकडे म्हणजे पार्किंगकडे बघत बसत.

"आरं साहेब, एवढा जोराचा पंप कशाला पायजे?" गेनबा म्हणाले. "माज्या ट्रॅक्टरचा जुना पंप हाय घरात. थोडं थोडं डिझेल देतो, पर कदी दगा दिला न्हाई. न्हाईतर टाकीच टपावर बांदा. आपसूक खाली येतंय."

टाकी टपावर बांधायला निरंजनरावांची प्रतिष्ठा आडवी आली. ट्रॅक्टरचा पंप मात्र त्यांनी घेतला. गणराज म्हणाला, "साहेब, नको." निरंजनराव म्हणाले, "टिकाऊपणा बघ." गणराजनं कपाळाला हात लावला आणि बसवून दिला. सपाट रस्त्यावर जीप झकास चालली. मोशीकडे इंद्रायणीचा पूल ओलांडून पुढचा चढ लागला, तिथं तिला डिझेल पुरेना. दोनदा खोकली आणि बंद पडली. मागून सकाळच्या शिफ्टची कंपनीची बस आली. बस पुढं जाईना, कारण रस्त्यात निरंजनराव उभे. खिडक्याखिडक्यांतून ओळखीची तोंडं बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, "कुदळे, पंप बघा पंप!" शेवटी बसमधल्या चौदा माणसांनी उतरून जीप ढकलून कडेला लावली. त्यात इन्स्पेक्शनचे सहा होते, आणि प्रत्येकाला ती ॲप्लिकेशनची जागा हवी होती. ढकलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते निरंजनराव जन्मात विसरणार नाहीत.

वर्धापनदिनाला दोन दिवस उरले.

त्या दिवशी गणराजनं पंपातल्या माणसाचा मान राखणं सोडून दिलं. "साहेब, गाडीत बसा," म्हणाला आणि त्यांना मोशीच्या पुढं एका भंगारवाल्याकडे घेऊन गेला. पत्र्याच्या शेडमध्ये एक पोतं होतं. गणराजनं ते उपडं केलं. जमिनीवर पंप घरंगळले, पन्नासएक असतील. निरंजनरावांनी एक उचलला. पंपावर लाल शिक्का होता आणि शिक्क्याच्या मध्ये सतरा. दुसरा उचलला. सतरा. कंपनीत प्रत्येक इन्स्पेक्टरच्या शिक्क्याला नंबर असतो. सतरा नंबर निरंजनरावांचा.

"हे इथं कसे?" त्यांनी विचारलं. "रिजेक्ट पीस प्रेसखाली चेपतात!"

"चेपायला पाठवतात," भंगारवाला शांतपणे म्हणाला. "चेपत कोन न्हाई. लई मागणी हाय यान्ला. सतरा नंबरचा माल तर एकदम भारी. जरा कुठं उन्नीस-बीस असलं की तो मानूस लाल ठोकतो. येडाच असनार."

गणराजनं खोकून हसू लपवलं. निरंजनराव एका टायरवर बसले. चोवीस वर्षं आपण गाळून बाजूला काढलेला माल रस्त्यावर धावतोय, लोक तो मागून घेताहेत, आणि आपण इतकी वर्षं केलं तरी काय? त्यांना रडू येईल असं वाटलं. ते आलं नाही, कारण भंगारवाल्यानं त्याच वेळी चहा पुढं केला.

गणराजनं तोवर एक पंप कॅनमधल्या डिझेलला जोडला, बॅटरी लावली आणि मीटर धरला. "पाच पॉइंट दोन," तो म्हणाला. "साहेब, या इंजिनाला एवढंच लागतं. पाच ते साडेपाच."

"आमची वरची रेघ पाच आहे," निरंजनराव म्हणाले. "पाच पॉइंट दोन म्हणजे रिजेक्टच. बरोबर मारलाय शिक्का."

"बरोबर मारलाय हो! मी कुठं चूक म्हणतोय? बसवू का?"

दोन दिवस. निरंजनरावांनी मान हलवली. भंगारवाल्याचं बिल मागून घेऊन खिशात ठेवलं, चोरीचा आळ नको म्हणून. या नव्या पंपाला टाकीत जागा नव्हती, म्हणून गणराजनं तो बाहेर, चासीला, पट्टी मारून बसवला आणि थिनरचं फडकं घेऊन म्हणाला, "हा शिक्का पुसून टाकू का? उगाच कोणी बघायला नको."

इथं शहाण्या माणसानं 'पूस' म्हटलं असतं. निरंजनराव म्हणाले, "माझा शिक्का पुसायचा नाही. चोवीस वर्षांत एकही पुसावा लागलेला नाही."

वर्धापनदिनाला कंपनीत सत्यनारायण होता. गेटला झेंडूचं तोरण, मांडवात सनई, शिऱ्याचा वास थेट असेंब्ली लाइनपर्यंत. सकाळी निरंजनरावांची जीप चऱ्होलीतून निघाली. मोशीचा चढ तिनं मुंगी चिरडावी तितक्या सहज पार केला आणि थेट मांडवासमोर येऊन थांबली. इस्त्रीचा शर्ट आणि कपाळाला गंध अशा थाटात निरंजनराव खाली उतरले. रविराज सरांनी स्वतः किल्ली फिरवून पाहिली. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. टाळ्या पडल्या. मोशीला जीप ढकलणाऱ्या इन्स्पेक्शनच्या सहा जणांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा.

"सुंदर!" सर म्हणाले. "काय स्मूद चाललंय! पंप कुठं बसवलाय?"

निरंजनरावांनी दाखवला. सर चांगल्या पँटची पर्वा न करता वाकले, मोबाइलचा उजेड टाकला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपलाच." मग काही क्षण ते वाकलेलेच राहिले. उभे राहिले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एक प्रकारचं कुतूहल होतं.

"कुदळे, यावर लाल शिक्का आहे. सतरा नंबर. तुमचाच ना?"

"हो सर. भंगारातून घेतला. बिल आहे."

"बिल राहू द्या. मला एवढंच सांगा," सर हळूच म्हणाले, "हा पीस ओके आहे की रिजेक्ट?"

इंजिन मागं सुरूच होतं, जराही न अडखळता. सगळा इन्स्पेक्शन विभाग कान देऊन उभा. ओके म्हणावं तर चोवीस वर्षांचा शिक्का खोटा. शिवाय मग त्या सतरा नंबरला येडा म्हणणारा भंगारवाला खरा. निरंजनरावांनी दोन्ही पायांवर भार दिला आणि म्हणाले,

"रिजेक्ट, सर."

सर थांबले. बराच वेळ थांबले. "आणखी काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं. आता वाटतं, ते थांबले होते ते काहीतरी ऐकायला मिळेल म्हणूनच.

"नाही सर. पाच पॉइंट दोन आहे. रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट."

सरांनी मान हलवली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिरा खाऊन जा असं सांगितलं. तासाभरानं बोर्डावर कागद लागला. ॲप्लिकेशनला डिस्पॅचमधल्या एका मुलीचं नाव होतं. त्याच्या खाली स्वेच्छेनं जाणाऱ्या नऊ जणांची यादी होती. निरंजनरावांचं नाव सिनिऑरिटीनं सगळ्यात वर.

परतीच्या वाटेवर निरंजनरावांची एकच इच्छा होती: गाडी बंद पडावी. निदान एकदा खोकावी, म्हणजे शिक्का तरी खरा ठरेल. मोशीच्या चढावर त्यांनी मुद्दाम गिअर चुकवला. ती बिचारी गुणगुणत चढली. सोसायटीच्या गेटपाशी गेनबांनी हात वर करून "लई झाक!" म्हटलं, आणि दत्तोबांनी पहिल्यांदाच नोटीस न खोचता गाडीकडे कौतुकानं पाहिलं. निरंजनराव गाडी सात नंबरच्या खांबाशी लावून सरळ वर गेले.

घरी विजयश्रीबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. निरंजनरावांनी प्रसादाचा द्रोण टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पोत्यातले पंप, शिक्का, सरांचा प्रश्न आणि आपलं उत्तर. सांगताना उत्तराच्या जागी त्यांचा आवाज जरा चढला, कारण अजूनही आपण ताठ राहिलो याचा त्यांना थोडा अभिमान वाटत होता.

विजयश्रीबाईंनी देठ खुडता खुडता ऐकून घेतलं.

"पण अहो," त्या म्हणाल्या, "तो पंप कंपनीच्या गाडीला चालत नसेल. आपल्या जीपला चालतोय. तिथं रिजेक्ट आणि इथं ओके. एवढंच सांगायचं होतं ना त्यांना?"

निरंजनराव खाली बसले. गणराजनं हेच सांगितलं होतं, मीटर डोळ्यांसमोर धरून. सर हेच ऐकायला थांबले होते. कुठल्या गाडीला कुठला पंप, एवढंच तर त्या जागेचं काम. त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी मध्ये कोणी चहा पुढं केला नाही.

"हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"यात शिकायचं काय असतं?" विजयश्रीबाई म्हणाल्या, आणि कोथिंबीर धुवायला आत गेल्या.